शब्दचर्चा : 'फाता' म्हणजे परी का? इटालियन लोककथांतले काही अडणारे शब्द

प्रश्न

इटालियन लोककथा मराठीत आणताना तीन शब्द पानोपानी भेटतात : फाता, ओर्को आणि स्त्रेगा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी परी, राक्षस आणि चेटकीण बसवलेली दिसते. हे शब्द खरेच जुळतात का? मूळ शब्दच ठेवले तर मराठीत ते चालवायचे कसे, 'फाताला' की 'फातेला'? आणि गोष्ट 'आटपाट नगर होतं' अशी सुरू केली तर चालेल का?

प्रतिसाद १

फातापासून सुरुवात करू, कारण त्या शब्दात सगळ्या कथांची किल्ली आहे.

लॅटिनमध्ये 'फारी' म्हणजे बोलणे. त्यावरून 'फातुम', म्हणजे जे बोलले गेले ते, आणि पुढे अर्थ झाला नियती. 'फातुम'चे अनेकवचन 'फाता'. उत्तरकाळात लोकांनी हे नपुंसकलिंगी अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन समजून वापरले आणि नियती सांगणारी बाई तयार झाली. इंग्रजी 'फेअरी' हा शब्दही फ्रेंचमार्गे त्याच मुळातून आला आहे. लॅटिन 'फारी' आणि संस्कृत 'भण्' यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. 'भण्'चे प्राकृतात 'भणइ' झाले आणि त्यातून आपले 'म्हणणे' आले. म्हणजे फाता ही मुळातच 'म्हणण्या'शी जोडलेली आहे.

'परी' फारसीतून आली. तिच्याबरोबर पंख येतात, रूप येते, नाजूकपणा येतो. नियती सांगण्याचे काम तिच्याकडे नाही. मराठी मनात ते काम सटवाईचे आहे. बाळाच्या पाचवी-सटीला कोरा कागद आणि लेखणी ठेवतात ती तिच्यासाठीच. फरक इतकाच की सटवाई लिहिते आणि फाता बोलते. लिहिलेले पुसत नाही. बोललेल्यावर मात्र दुसरी कुणी आणखी काही बोलू शकते.

एक उदाहरण जवळून पाहू. जाम्बात्तिस्ता बाझिले या नेपल्सजवळच्या लेखकाचा नेपल्सच्या बोलीतला पन्नास कथांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यात 'ला स्किआवोत्तेल्ला', म्हणजे 'छोटी गुलाम', अशी एक कथा आहे. तान्ह्या लिझाला एकेक फाता येऊन काही ना काही देणगी देते. शेवटची फाता बाळाला बघायच्या घाईत धावते, तिचा पाय मुरगळतो आणि त्या कळेसरशी तिच्या तोंडून शाप निघतो : ही सात वर्षांची होईल तेव्हा आई हिचे केस विंचरताना फणी डोक्यातच विसरेल आणि त्यातच हिचा जीव जाईल.

या शापामागे आकस नाही, वैर नाही. नुसता पाय मुरगळला. पण शब्द तोंडातून गेला, म्हणून तो लागू झाला. 'वास्तू तथास्तु म्हणत असते, वाईट बोलू नये' असे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे लगेच उमगेल. तिथे 'परी' लिहिले की वाचक विचारतो, परी इतकी दुष्ट कशी? 'फाता' लिहून एकदाच 'नियती बोलणारी' असे सांगितले तर तो प्रश्नच उरत नाही.

'फावोला' आणि 'फियाबा' हेही त्याच 'फारी'च्या कुळातले आहेत, लॅटिन 'फाबुला'मधून आलेले. फावोला म्हणजे बहुधा प्राणी बोलतात आणि शेवटी बोध असतो ती नीतिकथा. फियाबा म्हणजे अद्भुतकथा. दोन्हींना सरसकट 'परीकथा' म्हणणे चूक आहे. कित्येक फियाबांत एकही फाता नसते.

प्रतिसाद २

वरील व्युत्पत्ती पटते, तरी 'परी' पूर्ण बाद करू नये. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठीच्या पुस्तकात, जिथे फाता फक्त वर देऊन निघून जाते, तिथे परी पुरेशी आहे. जिथे पाळण्याशी उभे राहून भविष्य बोलले जाते, तिथे फाता ठेवा. एकाच पुस्तकात दोन्ही आले तर गोंधळ होईल हे खरे. म्हणून निवड पुस्तकागणिक करावी, कथेगणिक नको.

समुद्रावर दिसणाऱ्या 'फाता मोर्गाना' या भासाबद्दल एक सावधगिरी. त्याचे भाषांतर 'मृगजळ' करतात, ते बरोबर नाही. मृगजळ तापलेल्या जमिनीवर दिसते. खालची हवा गरम आणि वरची थंड असते, त्यामुळे आकाशाची प्रतिमा खाली पाण्यासारखी भासते. इटली आणि सिसिली यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत नेमके उलट घडते. समुद्रालगतची हवा थंड आणि वरची गरम असते, प्रकाश खाली वाकतो आणि रेज्जो कालाब्रियाच्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला पलीकडची सिसिली उचललेली, ताणलेली, बुरुजांची नगरी बनलेली दिसते. हे नाव आर्थर राजाच्या कथांतल्या मोर्गानावरून पडले आणि त्या कथा नॉर्मनांबरोबर सिसिलीत पोहोचल्या. गंधर्वनगरी हा आपला जुना शब्द इथे चपखल बसतो. आकाशात दिसणारे नगर हाच त्याचा अर्थ आहे.

प्रतिसाद ३

ओर्को. मूळ ओर्कुस, रोमन पाताळाचा देव. तिथून तो माणसे खाणारा जंगलातला धिप्पाड प्राणी झाला. 'राक्षस' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रावण, बकासुर, यज्ञात विघ्न आणणारे येतात. ओर्कोला यज्ञाशी देणेघेणे नाही. तो गुहेत राहतो, स्वयंपाक करतो, त्याला बायको असते, कधी मुलीही असतात. 'नरभक्षक' हा शब्द वाघाच्या बातमीतला वाटतो. 'बागुलबुवा' मात्र एका अर्थाने जवळचा आहे, कारण इटलीतही मुलांना ओर्कोची भीती घालतात. पण बागुलबुवाला घरदार नसते, त्यामुळे कथेत तो उभा राहत नाही.

शिवाय ओर्को नेहमी वाईट नसतो. बाझिलेच्या संग्रहातली पहिलीच कथा ओर्कोची आहे. दिसायला भयंकर, स्वभावाने प्रेमळ. आईने हाकललेल्या अंतुओनो नावाच्या मठ्ठ मुलाला तो दोन वर्षे सांभाळतो, घरी जाताना एक गाढव देतो आणि बजावतो : घरी पोहोचेपर्यंत 'आर्रे काकाउर्रे' म्हणू नकोस. पोरगा वाटेत म्हणतोच, आणि गाढव शेणाऐवजी मोती-माणके टाकते. त्याहून मोठी चूक पुढे होते. सरायवाल्याला तो सांगतो, 'या गाढवाला आर्रे काकाउर्रे म्हणू नका हं!' सरायवाला अर्थातच रात्री गाढव बदलतो. मग हुकमासरशी उघडणाऱ्या रुमालाचेही तेच होते. तिसऱ्या खेपेला ओर्को सोटा देतो. सरायवाला सोट्याला 'उठ' म्हणतो आणि स्वतःच बडवला जातो.

भाषांतरात इथे एक हमखास चूक होते. 'आर्रे काकाउर्रे'ला सरळ 'जादूचा मंत्र' म्हणतात. त्यातला 'आर्रे' हा गाढव हाकण्याचा रोजचा आवाज आहे आणि पुढच्या शब्दात हगण्याचा उघड उल्लेख आहे. त्याचे 'ओम फट्' केले की विनोद मेला. 'चल हाग रे' अशी खेडवळ, हाकेची लकब हवी. मुलांसाठी 'हाग' जड वाटत असेल तर 'टाक रे टाक' चालेल, पण हाक हाकेसारखीच राहिली पाहिजे.

प्रतिसाद ४

स्त्रेगाचे मूळ लॅटिन 'स्त्रिक्स', रात्री किंचाळणारा आणि तान्ह्या मुलांचे रक्त पिणारा घुबडासारखा पक्षी. चेटकीण हा शब्द चालेल, पण एक भेद राखावा. दक्षिणेत बेनेव्हेंतोच्या परिसरात स्त्रेगाला 'यानारा' म्हणतात. ती दिवसा तुमची शेजारीण असते. तिला झाडपाला कळतो, ती सुईणपणही करते आणि रात्री दाराखालच्या फटीतून आत येते. घोड्यांच्या आयाळीला वेण्या घालते. बेनेव्हेंतोच्या अक्रोडाच्या झाडाखाली या सगळ्या जमतात, अशी समजूत आहे. तिच्यावरचा उपाय फार सुंदर आहे. दाराशी केरसुणी किंवा मिठाची पिशवी ठेवायची. आत येण्याआधी तिला केरसुणीची काडी न् काडी, मिठाचा खडा न् खडा मोजावाच लागतो. मोजता मोजता उजाडते आणि तिला परतावे लागते. म्हणून भाषांतरात झाडूचा प्रकार महत्त्वाचा. प्लास्टिकच्या ब्रशासारखा अर्थ निघेल असा शब्द नको. शिंदीची केरसुणीच लिहा, जिच्या काड्या मोजता येत नाहीत.

'डाकीण' हा शब्द मात्र टाळा. आपल्याकडे तो कथेपुरता उरलेला नाही. डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, आणि महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आहे. गोष्टीतल्या मजेसाठी तो शब्द वापरू नये, असे माझे ठाम मत आहे.

आणि बेफानाला कुणी चेटकीण म्हणू नये, ही कळकळीची विनंती. बेफाना हे 'एपिफानिया' या ६ जानेवारीच्या ख्रिस्ती सणाच्या नावाचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप आहे. ५ जानेवारीच्या रात्री ती फाटक्या जोड्यांनी, झाडूवर बसून येते आणि मुलांच्या मोज्यांत खाऊ भरते. झाडू आहे म्हणून ती चेटकीण होत नाही. घर झाडणारी म्हातारी आहे ती. प्रचलित कथेप्रमाणे तीन ज्ञानी पुरुष बाळ येशूकडे जाताना तिला बरोबर बोलावतात, ती घरकामाचे कारण सांगून नाही म्हणते, मग पस्तावते आणि तेव्हापासून दर घरी त्या बाळाला शोधत फिरते. तिच्या 'नाही' या एका शब्दाचीच ती कथा आहे. मराठीत 'बेफाना म्हातारी' म्हणा. भोपळ्यात बसून टुणुक टुणुक जाणाऱ्या म्हातारीमुळे तो शब्द आपल्या मुलांना प्रेमाचाच वाटतो.

द्वाड मुलांच्या मोज्यात ती कोळसा टाकते. आजचा कोळसा साखरेचा असतो. कडक पाकात अंड्याचा पांढरा भाग, पिठीसाखर आणि काळा रंग यांचे घोटलेले मिश्रण घातले की तो फसफसून वर येतो. तेव्हाच लगेच साच्यात ओतावा लागतो. ढवळत बसले तर फेस बसतो आणि सच्छिद्र कोळशाऐवजी घट्ट काळी वडी हाती येते. म्हणून 'कार्बोने'चे भाषांतर संदर्भ बघून 'कोळसा' किंवा 'साखरेचा कोळसा' असे करावे. ६ जानेवारीची सरकारी सुट्टी १९७७मध्ये रद्द केली होती, ती १९८५च्या शेवटी परत द्यावी लागली.

प्रतिसाद ५

या चर्चेत जुफा यायलाच हवा. सिसिलीचा हा भोळसट अरबी गोष्टींतल्या 'जुहा'चा वंशज आहे. अरब ८२७मध्ये सिसिलीत उतरले आणि त्यांच्या दोनेकशे वर्षांच्या राजवटीची ही एक खूण. मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर आपण ऐकलेल्या कितीतरी गोष्टी तिथे जुफाच्या नावावर आहेत. फाटक्या कपड्यांत गेला तर हाकलला, चांगल्या कपड्यांत गेला तर पानावर बसवला, म्हणून जेवण कपड्यांनाच भरवणारा, 'खा रे माझ्या कपड्यांनो, आमंत्रण तुम्हालाच होतं' म्हणणारा, तोच हा.

पण खरी गंमत दाराच्या गोष्टीत आहे. आई चर्चला जाताना जुफाला सांगते, 'तीराती ला पोर्ता'. अर्थ : निघताना दार लावून ये. शब्दशः : दार ओढ. जुफा दार ओढतो, ओढत राहतो, शेवटी बिजागरीतून उखडतो आणि पाठीवर घेऊन आईपुढे चर्चमध्ये नेऊन टाकतो. इंग्रजीत हा श्लेष समजावून सांगावा लागतो. मराठीत काहीच करावे लागत नाही, कारण आपण रोज म्हणतो, 'जाताना दार ओढून घे'. ओढून घे! 'दार बंद कर' असे लिहिणाऱ्या भाषांतरकाराने हातातला हिरा फेकून दिला.

जुफाला 'मूर्ख' म्हणू नका. 'भोळा' किंवा 'वेडगळ' म्हणा. तो आईचा शब्द अक्षरशः पाळतो, यात हसू आहे तसे प्रेमही आहे. त्याच्या उलट टोकाला 'फुर्बो'. त्याला 'धूर्त' म्हटले तर कोल्हा होतो, 'लबाड' म्हटले तर चोर होतो. 'चलाख' किंवा 'बेरकी' जवळ जातात. गरिबाने मोठ्यांना शब्दात पकडले तर इटालियन कथा त्याला दाद देतात, आणि 'बेरकी'त ती दाद शिल्लक राहते.

प्रतिसाद ६

बेरकीपणाचा उत्तम नमुना म्हणजे बेर्तोल्दो. जुलिओ चेझारे क्रोचे याने १६०६मध्ये छापलेल्या पुस्तकातला हा कुरूप शेतकरी राजा अल्बोइनोच्या दरबारात येतो. राजा हुकूम देतो : उद्या असा ये की मी तुला पाहीन आणि पाहणारही नाही, आणि येताना मळा, गोठा आणि गिरणी घेऊन ये. बेर्तोल्दो गहू चाळायची चाळण तोंडापुढे धरून येतो आणि हातात एक तोर्ता. त्यात बिएता म्हणजे पालेभाजी, तो मळा. लोणी, चीज आणि रिकोत्ता, तो गोठा. पीठ, ती गिरणी.

आता 'तोर्ता'ला केक म्हटले की सगळे कोडे फसते. केकमध्ये पालेभाजी कशी? इथली तोर्ता म्हणजे पिठाच्या पारीत भाजी-चीजचे सारण भरून भाजलेला तिखट-खारा पदार्थ. 'भाजीची भरली भाकरी' म्हटले तर कोडे मराठीत सरळ सुटते. बिएता बीटरूटच्याच कुळातली, पण खायची पाने. 'बीट' लिहिले की वाचक लाल कंद समजतो.

शब्दाची दुसरी मोठी चूक 'चेद्रो'ची. इटालियनमध्ये चेद्रो म्हणजे देवदाराच्या जातीचे झाडही आणि लिंबाच्या कुळातले एक मोठे फळही. बाझिलेच्या कथेत राजपुत्राचे बोट रिकोत्ता कापताना कापते, पांढऱ्यावर रक्ताचे दोन थेंब पडतात आणि त्याला अशीच गोरी-लाल बायको हवी होते. त्याला तीन चेद्रो मिळतात. झऱ्याकाठी एकेक कापायचे, आतून फाता बाहेर येऊन पाणी मागते, ते त्याच क्षणी द्यायचे. पहिल्या दोन वेळा तो बघतच राहतो आणि त्या नाहीशा होतात. तिसरीला तो पाणी देतो.

हे फळ म्हणजे महाळुंग. लिंबू नव्हे, संत्रे नव्हे. १७६१मध्ये व्हेनिसच्या रंगभूमीवर नाटककार कार्लो गोझ्झीने त्याची संत्री केली आणि पुढे रशियन संगीतकार प्रोकोफिएवचा १९२१चा ऑपेराही संत्र्यांचाच झाला, म्हणून 'तीन संत्री' हे नाव जगभर रुळले. पण मूळ कथेसाठी मराठीकडे नेमका शब्द आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच हे फळ. खडबडीत, सुगंधी, आत बोटभर जाड पांढरी साल. एवढी जाड साल कापताना आत कुणी दडलेले असेल, ही कल्पना लिंबाला शोभत नाही.

रिकोत्ताला पनीर म्हणू नका. 'रि-कोत्ता' म्हणजे पुन्हा शिजवलेले. चीज काढून उरलेले पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत पुन्हा तापवले की वर तरंगणारा मऊ पांढरा दाणेदार साका. उकळी फुटली तर तो कडक होतो. कथेत महत्त्वाचा आहे तो त्याचा शुभ्रपणा, म्हणून 'रिकोत्ता' ठेवून 'दह्याच्या चक्क्यासारखे पांढरे' एवढी जोड पुरे.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

फार उपयोगी पडले, मंडळी. आणखी दोन शब्द अडलेत : 'कोमारे' आणि नेपल्सचा 'मुनाचेल्लो'.

प्रतिसाद ७

कोमारे म्हणजे बाप्तिस्म्याने जोडलेली बाई. मुलाची धर्ममाता ही मुलाच्या आईची कोमारे होते, आणि पुरुष असेल तर कोम्पारे. हे नाते मुलाशी जितके, तितकेच मोठ्या माणसांमधले. बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या, म्हणजे इटालियन सान जोव्हान्नीच्या, साक्षीने जोडलेले, म्हणून म्हण आहे : सान जोव्हान्नीला दगाफटका चालत नाही. कथेत कोमारेला फसवणाऱ्याचे कधीच भले होत नाही. 'मावशी' किंवा 'वहिनी' लिहिले तर ते वचन हरवते. मराठीजवळचा दुवा वसईत सापडतो. तिथल्या ख्रिस्ती कुपारी समाजाचे नाव 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून आल्याचे सांगितले जाते, आणि तो शब्द म्हणजे इटालियन कोम्पारेचा सख्खा भाऊ. भाषांतरात 'धर्मबहीण' सुचवतो, मात्र पहिल्या वेळी बाप्तिस्म्याचा उल्लेख हवाच.

मुनाचेल्लो म्हणजे छोटा साधू. नेपल्सच्या घरांत वावरणारा, झगा घातलेला बुटका. आवडत्या घरात पैसे ठेवतो, नावडत्यात वस्तू लपवतो. अट एकच, पैसे मिळाल्याचे कुणाला सांगायचे नाही. सांगितले की पैसे बंद. एक लोकप्रिय उलगडा असा की शहराखाली दगडात कोरलेली पाण्याची टाकी साफ करणारे 'पोत्सारी' विहिरीच्या तोंडातून घरात चढून येत, त्यांच्यावरून ही समजूत निघाली. १८८४च्या पटकीच्या साथीनंतर १८८५मध्ये सेरिनोहून नळाचे पाणी आले आणि ती टाकी मागे पडली. 'भूत' किंवा 'पिशाच्च' नको. कोकणी वाचकाला 'देवचार' सुचेल, पण देवचार गावाच्या सीमेचा राखणदार आहे, मुनाचेल्लो घरातला. मूळ शब्द ठेवा.

प्रतिसाद ८

लेखन आणि चालवणे याबद्दल थोडक्यात. इटालियन 'त' आणि 'द' दंत्य आहेत, म्हणून फाता, बेर्तोल्दो. 'फाटा' लिहिले तर रस्त्याचा फाटा होतो. जोडाक्षर गाळू नका : 'नोन्ना' आजी, 'नोना' नववी. यानारामधले पहिले अक्षर रोमन लिपीत 'जे' असले तरी उच्चार 'य'.

सामान्यनामे आपल्या 'माता, कन्या'सारखी चालवावीत : फातेला, फातेने, अनेकवचन फाता, स्त्रेगेला. 'फात्याला' म्हटले तर पुल्लिंग होईल. विशेषनाम बदलत नाही, जसे 'रमाला', तसे 'बेफानाला', 'जुफाच्या आईला'. ओकारान्त शब्द 'रेडिओ'सारखे स्थिर : ओर्कोला, ओर्कोंनी. इटालियन अनेकवचने, म्हणजे फाते, ओर्की, मराठीत आणू नयेत. वाचक 'फाते' ही दुसरी कुणी बाई समजतो.

प्रतिसाद ९

सुरुवात-शेवटाचा प्रश्न राहिला. 'आटपाट नगर होतं' म्हटले की मागोमाग व्रत येते, उतू नये, मातू नये येते. कहाणीचा शेवट 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण', म्हणजे ऐकणाऱ्याला फळ मिळते. सिसिलीची गोष्ट नेमके उलटे सांगते. सुरुवात : 'सि कुंता ए सार्रिकुंता', म्हणजे सांगतात नि पुन्हा सांगतात. शेवट : ते राहिले सुखी-समाधानी, आणि आपण इथे काहीच नसताना. भुकेल्या श्रोत्यांसमोर मेजवानीची गोष्ट सांगून झाल्यावरचे हे वाक्य आहे, ते गोड करू नये. 'ती राहिली आनंदात, आपण रिकाम्या हातात' असे यमकात बसते.

तोस्कानाचा शेवट तर मराठीसाठीच घडवल्यासारखा आहे : 'स्त्रेत्ता ला फोल्या, लार्गा ला व्हिया, दीते ला व्होस्त्रा के ओ देत्तो ला मिया'. पान आणि वाट यांची अदलाबदल झालेला पाठही ऐकू येतो. स्त्रेत्ता-लार्गाला आपल्याकडे अरुंद-रुंद ही आयती जोडी आहे :

पान अरुंद, वाट रुंद,
माझी सांगून झाली, आता तुमची सांगा.

दुसऱ्या ओळीला ओढूनताणून यमक लावू नका. तिथे सांगणारा पुढच्या माणसाकडे बघून बोलतो, तेव्हा ती बोलण्यासारखीच राहू द्या.